पाळण्याचा दुसरा सूर

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर गोकुळ शिंगाडेचा रेकॉर्डिंगचा छोटासा स्टुडिओ आहे. जत्रेची गाणी, हळदीची गाणी, निवडणुकीतल्या प्रचाराच्या घोषणा, असलं बरंच काही तिथं होत असतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एके दुपारी सुदर्शन साळवे नावाचे शाळामास्तर तो अरुंद जिना चढून वर आले. चपला दाराबाहेर काढल्या, घाम पुसला आणि उभ्याउभ्याच कामाचं बोलले.

"आमच्या चर्चच्या मंडळीची नाताळची गाणी रेकॉर्ड करायचीत. तीनच आहेत. पण या खोलीत नाही. तुम्हाला तिकडं छावणी भागात यावं लागेल."

"इथं आवाज चांगला बसतो, सर. तिकडं रस्त्याला ट्रकांचा लई गोंगाट."

"मला कळतं हो. पण सरूबाई इथं येणार नाहीत. आणि त्यांच्याशिवाय रेकॉर्डिंगला अर्थ नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सरूबाई म्हणजे त्यांच्या सात जणांच्या गायकवृंदातली सगळ्यात जुनी बाई, वय एक्याऐंशी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी म्हणायचा एक पाळणा या मंडळीत चार पिढ्या चालत आलेला. तो कुठल्याच पुस्तकात छापलेला नाही. त्याची सगळी कडवी आणि खऱ्या चालीतल्या हरकती आता एकट्या सरूबाईंच्या गळ्यात उरल्या होत्या. आणि यंदा पावसाळ्यापासून त्यांचा दमा वाढला होता. पुढचा नाताळ त्यांना दिसेल, याची खात्री डॉक्टरसुद्धा देत नव्हते.

"त्यांची एकच अट आहे," मास्तर म्हणाले. "कबरस्तानाच्या कडेला आमचं जुनं प्रार्थनाघर आहे, तिथंच म्हणणार. आयुष्यभर तिथंच म्हटलंय त्यांनी."

गोकुळनं हो म्हटलं. मास्तर गेले, आणि त्याला होकार दिल्याचा पस्तावा झाला.

त्याला कारण होतं. गोकुळचा डावा कान दोन वर्षांपासून ठार बंद होता. देवगाव रंगारीहून शहरात आला, तेव्हा पहिली दहा-बारा वर्षं त्यानं डीजेच्या भिंतींपाशी उभं राहून काढली. वरातीमागून वरात, गणपतीमागून गणपती. त्या भिंतींनी कान खाल्ला. आता तो उजव्या कानानं ऐकायचा आणि डाव्या बाजूचा आवाज यंत्रावरच्या हलत्या काट्यावरून ओळखायचा. ही गोष्ट फक्त बायकोला, सुरेखाला ठाऊक होती. आवाजाच्या धंद्यातला माणूस अर्धा बहिरा आहे हे बाहेर कळलं, तर उद्यापासून जिना कोण चढणार? हळदीच्या गाण्याला एक कान पुरतो. पण सात जणांनी एकत्र गायलेलं भक्तिसंगीत, त्यात एकात एक गुंफलेले सूर... तिथं आपलं बिंग फुटणार, असं त्याला वाटत होतं.

बुधवारी दुपारी तीनला तो सामान घेऊन पोचला. प्रार्थनाघर दगडी होतं, लांबट, बुटकं. आत दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, समोर चार पायऱ्या चढून वेदी आणि वेदीच्या मागे कोरी भिंत. दार एकच, रस्त्याकडचं. आत जुन्या लाकडाचा, मेणाचा आणि बंद पेटाऱ्यासारखा वास होता. उजवीकडच्या खिडक्यांतून कबरी दिसत होत्या. वाळलेल्या गवतात बुडालेल्या, काही झेंडूच्या ताज्या माळा घातलेल्या.

ट्रकांचा आवाज मात्र गोकुळ म्हणाला होता तसाच होता. एक गेला की दुसरा. शेवटी मास्तरांनी जवळच्या मांडववाल्याकडून गाद्या मागवल्या. गोकुळनं सगळ्या खिडक्यांना गाद्या उभ्या केल्या, फटीत चिंध्या कोंबल्या. दाराला कडी घातली, त्यालाही एक जाड गादी टेकवली, आणि उंबऱ्याच्या फटीत ओलं पोतं दाबून बसवलं. आत इतकी शांतता झाली की स्वतःच्या श्वासाचा आवाज यावा. गोकुळ खूश झाला.

पण दगडी खोली गार होती, आणि सरूबाई कुडकुडायला लागल्या. तेव्हा मास्तरांनी घरून आणलेली कोळशाची शेगडी त्यांच्या पायाशी ठेवली. निखारे छान फुलले होते, धूर अजिबात नव्हता. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

सरूबाई लहानखुऱ्या, पांढरी साडी, अंगावर करड्या रंगाची शाल. गोकुळनं त्यांच्यापुढे माइक लावला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे निरखून बघितलं.

"कुण्या गावचा रं तू?"

"देवगाव रंगारीचा, आजी. आमची मेंढरं होती पहिलं."

"मग पाळणा तुझ्यासारख्यांचाच हाय. नाताळच्या राती मेंढरंवाल्यांनीच आधी बघितलं त्या बाळाला." त्या हसल्या आणि खोकल्या.

पहिली दोन गाणी सुरळीत झाली. सायली नावाची तरुण मुलगी पायपेटी वाजवत होती. पायानं भाता मारायचा आणि हातानं सूर धरायचे, अशी ती जुनी पेटी. मास्तर हातवारे करत सगळ्यांना सांभाळत होते. गोकुळ दाराशेजारी टेबल टाकून, कानांना हेडफोन लावून बसला होता. उजव्या कानात सातही आवाज स्वच्छ येत होते. डावीकडं नेहमीची पोकळी. त्याला वाटलं, निभावलं.

पाच वाजून गेले होते. गाद्यांच्या वरच्या फटीतून येणारा उजेड पिवळा होत चालला होता. पाळणा सुरू झाला.

*नीज रे बाळा, गवताची गादी,*
*दारात उभी ताऱ्याची दिवटी,*
*मेंढरं निजली, माणसं निजली,*
*एकलीच आई तुझ्या उशाशी.*

सरूबाईंचा आवाज थकलेला होता, पण सूर हलत नव्हता. बाकीचे त्यांच्या मागून हलकेच म्हणत होते. आणि दुसऱ्या ओळीला गोकुळच्या डाव्या कानात कुणीतरी गायला लागलं.

आधी त्याला कळलंच नाही. दोन वर्षं त्या बाजूनं पानही हललं नव्हतं. बाईचा आवाज होता, तरुण, थोडा नाकातला. सगळ्यांच्या चालीपेक्षा वेगळ्या वाटेनं जाणारा. सरूबाई वर चढल्या की तो खाली उतरायचा, त्या थांबल्या की तो पुढं सरकायचा. दोन वाटा एका बांधावर येऊन मिळाव्यात तसे दोघींचे सूर ओळीच्या शेवटी मिळायचे.

गोकुळनं यंत्राकडे बघितलं. डावा काटा, उजवा काटा, दोन्ही नेहमीसारखे. त्यानं हेडफोन काढला. खोलीत तीच सात माणसं, तोच एक पाळणा. हेडफोन पुन्हा लावला. आवाज होता. मग त्यानं हेडफोन उलटा केला, डावी बाजू उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. वायरीतून काही येत असेल, तर आता ते उजव्या कानात यायला हवं होतं.

आवाज हलला नाही. डाव्या कानातच राहिला. मेलेल्या कानात.

पाळणा संपला तेव्हा तो एवढंच विचारू शकला, "सर... ती दुसरी चाल कोण म्हणतंय?"

"कुठली दुसरी?"

"खालची. तिकडच्या ताई म्हणतात का? नाकातला आवाज हाय थोडा..."

सायलीचे हात पेटीवरच राहिले. मास्तरांनी सरूबाईंकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"गोकुळभाऊ," ते हळूच म्हणाले, "पाळण्याला पूर्वी दुसरा सूर होता. पण अठ्ठावीस वर्षांत तो कुणी म्हटला नाही. मंजुषाताई म्हणायच्या. सरूबाईंची लेक. नाताळच्या तोंडावर कावीळ झाली आणि आठ दिवसांत... तो सूर कुणी लिहून घेतला नव्हता. त्यांच्याबरोबरच गेला."

"हितंच हाय ती," सरूबाई म्हणाल्या. त्यांनी उजव्या खिडकीकडे, गादीपलीकडच्या कबरींकडे हात केला. मग गोकुळकडे वळल्या. "काय ऐकलंस तू, लेकरा?"

"काय नाय, आजी. भास झाला असंल. डोकं दुखायलंय जरा."

"खरं सांग."

"बाईमाणूस हाय. सगळ्यांच्या जरा मागून उचलती... श्वास घेतल्यावर थांबती आन् मग म्हणती."

सरूबाईंनी डोळे मिटले. "कायम मागूनच यायची," त्या पुटपुटल्या. "लहानपणापासून. किती रागवायची मी तिला." थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, ते ओले होते. "सुदर्शन, पुन्हा म्हणू या. एकदाच."

मास्तरांना ते नको होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण सरूबाईंना नाही कोण म्हणणार? गोकुळला तर उठून पळावंसं वाटत होतं. कपाळ ठणकत होतं, जीभ जड झाली होती. भीतीनंच असं होतंय, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि यंत्राचं बटण दाबलं.

पायपेटीचा पहिला सूर लागला. बाहेर सूर्य बुडाला असावा, कारण फटीतला उजेड एकाएकी विझला. वेदीवरच्या दोन मेणबत्त्या आणि शेगडीतले लाल निखारे, एवढाच उजेड उरला.

या खेपेला आवाज जवळ आला होता. इतका जवळ, की ओळ सुरू व्हायच्या आधीचा श्वास गोकुळला कानाच्या पाळीवर जाणवत होता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. गोकुळ खिळल्यासारखा बसला होता. भीती होतीच, पण तो सूर इतका गोड होता की त्याचे डोळे आपोआप मिटायला लागले. मेंढरं निजली... माणसं निजली... खरंच, किती छान झोप येत होती. लहानपणी उन्हाच्या वेळी कळपात, बापाच्या घोंगडीवर यायची तशी.

तिसऱ्या कडव्याच्या मध्येच तो आवाज थांबला.

ओळ अर्धी राहिली. डाव्या कानात काहीच नव्हतं. आणि मग, गाण्यातला नव्हे, रोजच्या बोलण्यातला तोच आवाज आला. घाबरलेला.

"दादा... आईला झोप लागायलीय."

गोकुळनं मोठ्या कष्टानं डोळे उघडले.

"दार उघड ना, दादा... दार उघड..."

समोर सरूबाईंची मान छातीवर पडली होती. शेजारी गाणाऱ्या दोघी बायका एकमेकींच्या खांद्यावर कलंडल्या होत्या. कुणीच गात नव्हतं. कधीपासून गात नव्हतं, कोण जाणे. सायली पेटीवर ओणवी झाली होती. तिच्या कोपराखाली दोन-तीन पट्ट्या दाबल्या गेल्या होत्या आणि तिचे पाय भात्यावर थांबले होते. उरलेल्या हवेवर तो बेसूर आवाज लांबत, खालावत, कण्हत चालला होता. आणि मग तोही संपला.

गोकुळ उठला आणि पडला. पायात जीवच नव्हता. हेडफोन कानांवरून निसटून टेबलावर पडला, तरी डाव्या कानातलं ते "दार उघड" थांबत नव्हतं. तो गुडघ्यांवर, मग पोटावर सरपटला. दार चार पावलांवर होतं. गादीची कड हाताला लागली, त्यानं ती अंगावर ओढून पाडली. तिच्याखालून बाहेर यायला त्याला किती वेळ लागला, त्याचं त्यालाच कळलं नाही. कडीपर्यंत हात पोचेना. चौकटीला नखं रोवत तो अर्धा उभा राहिला आणि सगळा भार कडीवर टाकला.

दार उघडलं. डिसेंबरचा गार वारा तोंडावर आदळला. ट्रकचे दिवे दिसले, समोरची चहाची टपरी दिसली. गोकुळ उंबऱ्यावर आडवा झाला आणि छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला.

टपरीवरची माणसं धावत आली. कुणीतरी शेगडी उचलून बाहेर फेकली, कुणी गाद्या ओढून काढल्या. सरूबाईंना दोघांनी उचलून आणलं. मास्तर भिंतीला धरून चालत आले आणि दारातच उलटी करून बसले. सायलीच्या तोंडावर पाणी मारलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "पाळणा झाला का?" ते ऐकून गोकुळला हुंदका फुटला.

दोन रुग्णवाहिकांतून सगळ्यांना सरकारी घाटी रुग्णालयात नेलं. नाकांना ऑक्सिजनच्या नळ्या लावल्या. नऊ वाजायच्या आत सातही जण शुद्धीवर होते, सरूबाईंसकट. सुरेखा धावतपळत आली ती नवऱ्याचा हात घट्ट धरून बसली, सोडायलाच तयार नव्हती.

तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावून सांगितलं. बंद खोलीत कोळसा जळला की एक विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग गोड झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. "अजून दहा-पंधरा मिनिटं गेली असती," त्या म्हणाल्या, "तर मी तुमच्याशी बोलत बसले नसते. तुम्हाला दार उघडायचं सुचलं तरी कसं?"

गोकुळनं घुटमळत कानातल्या आवाजाचं सांगितलं. कान बंद असल्याचंही सांगितलं, मास्तर शेजारच्या खाटेवर ऐकत असताना. आता लपवण्यात अर्थच उरला नव्हता.

"अशा वेळी मेंदू काहीही ऐकवतो," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "तुमच्या मेंदूनं धोका ओळखला आणि तुम्हाला त्या भाषेत सांगितला. नशीबवान आहात."

गोकुळच्या छातीवरचा धोंडा उतरला. वायू होता तर. भूतबीत काही नव्हतं. मास्तरही कानाबद्दल काही वेडंवाकडं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "एका कानानं तुम्ही आठ जीव वाचवले, गोकुळभाऊ. दोन्ही असणाऱ्या आम्हाला काय ऐकू आलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरूबाईंना भेटायला बायकांच्या वॉर्डात गेला. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. उशाशी सायली होती, तिला सकाळीच घरी जायची परवानगी मिळाली होती. सरूबाईंनी गोकुळला जवळ बोलावलं.

"तो सूर... तुझ्या ध्यानात हाय का रं?"

गोकुळ गाणारा माणूस नव्हता. पण आवाज लक्षात ठेवण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. लाजत, खाली बघत त्यानं गुणगुणायला सुरुवात केली. नीज रे बाळा... पहिल्यांदा चुकला, पुन्हा धरलं. सरूबाईंचे ओठ हलायला लागले. मग त्या वरचा सूर म्हणू लागल्या आणि गोकुळचा तो ओबडधोबड खालचा सूर त्यांच्यापासून लांब गेला, परत आला, आणि 'उशाशी' या शब्दावर दोन्ही सूर बरोबर येऊन मिळाले.

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या.

"हाच," सरूबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. "हाच गं बाई. मी इसरले होते. पोटच्या पोरीचा सूर इसरले होते मी." सायलीनं घाईघाईनं केसपेपरच्या पाठीमागं सरगम लिहून घेतली.

हा सूर कुणालाच ठाऊक नव्हता, मग गोकुळच्या मेंदूनं तो कुठून आणला, हे डॉक्टरीणबाईंना कुणी विचारलं नाही. गोकुळनं तर मुळीच नाही. सगळे जिवंत होते, म्हाताऱ्या आईला लेकीचा सूर परत मिळाला होता. एवढं हातात असताना फार खोलात कशाला जायचं?

त्या दुपारी मास्तर आणि तो प्रार्थनाघरातून सामान घेऊन आले. दार रात्रभर उघडंच होतं, तरी एक वायरसुद्धा चोरीला गेली नव्हती. यंत्र बंद पडलेलं होतं. सगळं तसंच चालू टाकून पळालो, बॅटरी संपली असणार, असं म्हणून गोकुळनं ते पिशवीत घातलं. पहिल्या वेळचा पाळणा उत्तम उमटला होता. त्यात सात आवाज होते. आठवा नव्हता. गोकुळनं तीनदा ऐकून खात्री केली, आणि त्या रात्री तो गाढ झोपला.

या खेपेला सरूबाईंनी आपली अट सोडली आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी छावणीतल्या मोठ्या चर्चमध्ये पाळणा झाला. मागच्या बाकावर सुरेखा आणि गोकुळ बसले होते. सरूबाई खुर्चीत बसून गायल्या आणि दुसरा सूर सायलीनं धरला. गोकुळनं नव्यानं घेतलेलं श्रवणयंत्र डाव्या कानात होतं. त्यातून नुसती खरखर येत होती, पण आता ते सगळ्यांना दिसत होतं आणि त्याला त्याची लाज नव्हती. गाणं संपल्यावर मंडळींनी त्याला केक भरवला, पोराबाळांनी हात हातात घेतले. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी, एका दुपारी, तो यंत्रातल्या जुन्या फायली पुसत बसला होता. स्टुडिओत ऊन आलं होतं, खाली झेरॉक्सचं यंत्र चालू होतं. शेवटची फाईल त्या दुसऱ्या पाळण्याची. ती त्यानं कधी ऐकलीच नव्हती, ऐकायचं धाडस झालं नव्हतं. तिची लांबी एक तास चार मिनिटं दिसत होती.

पुसण्याआधी त्यानं ती शेवटाकडून लावली. उजव्या कानानं ऐकत गेला. त्याचं स्वतःचं ओरडणं. धावाधाव. रुग्णवाहिकेचा भोंगा लांब जाताना. मग उघड्या दारातून येणारा ट्रकांचा आवाज आणि रिकामी खोली. बराच वेळ नुसती रिकामी खोली.

मग पावलं. अनवाणी. वेदीच्या बाजूनं येणारी, जिथं दार नव्हतं.

गोकुळ हसायचा प्रयत्न करत होता. मंजुषाताई असतील, त्यानं स्वतःला सांगितलं. त्यांचं काय भ्यायचं? आपल्याला वाचवलं त्यांनी. पण पावलं थांबली नाहीत. त्यांच्यामागून आणखी आली, जड, फरफटत येणारी. मग आणखी. पुढचं बाक करकरलं, कुणी बसावं तसं. मग त्याच्या मागचं. मग पलीकडचं. एकेक करत, शिस्तीत, घाई न करता, शेवटच्या रांगेपर्यंत सगळी बाकं करकरली आणि पुन्हा सगळं शांत झालं. ती शांतता रिकाम्या खोलीची नव्हती. खूप माणसं गप्प बसल्यावर असते तशी होती.

कुणीतरी उठून टेबलापर्यंत आलं. हेडफोनची पट्टी ताणल्याचा बारीक आवाज झाला. जवळजवळ मिनिटभर काहीच नाही.

आणि खट्ट करून फाईल संपली.

गोकुळनं यंत्र उलटसुलट करून पाहिलं. बॅटरी अजून अर्धी भरलेली होती. स्टुडिओत यंत्र विजेवरच चालायचं, त्या दिवसापासून त्यानं बॅटरी बदललीही नव्हती की चार्जही केली नव्हती. आणि हे यंत्र चुकून बंद होऊ नये म्हणून, ते बंद करायला बटण नीट तीन सेकंद दाबून धरावं लागतं.